विश्लेषण : बिनतारी सुरक्षा यंत्रणा घर राखते, की चोरी फक्त दाखवते?

‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द मराठी वर्तमानपत्राच्या वाचकाला पाठ झालेले आहेत. गेल्या काही वर्षांत या बातमीला आणखी एक ओळ जोडली गेली आहे : ‘चोरटे सीसीटीव्हीत कैद’. प्रत्यक्षात कैद होते ते चोरट्यांचे चित्र. तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी, हातात कटावणी आणि पाच-सात मिनिटांत मोकळे झालेले कपाट. कधी कधी तर जाता जाता चोरटे डीव्हीआरही उचलून नेतात आणि मागे चित्रही उरत नाही.

असे असूनही घराच्या सुरक्षेचा विषय निघाला की पहिला विचार कॅमेऱ्याचाच होतो. वायर ओढायला नको, भिंत फोडायला नको, मोबाइलवर ॲप टाकले की काम झाले, असा बिनतारी यंत्रणांचा बोलबाला आहे. पुण्या-मुंबईतला फ्लॅट असो, वर्षातून गणपती आणि शिमग्यालाच उघडणारे कोकणातले घर असो, की विहिरीवरच्या मोटरीची चिंता असलेले शेत असो. ‘मोबाइलवर सगळे दिसते’ हे आश्वासन मोठे वाटते. पण दिसणे आणि राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिनतारी यंत्रणा उपयोगी आहेत, यात शंका नाही. मात्र बाजारात त्या ज्या क्रमाने विकल्या जातात आणि घरोघरी ज्या क्रमाने घेतल्या जातात, तो क्रमच उलटा आहे.

बिनतारी यंत्रणा म्हणजे नेमके काय?

पूर्ण यंत्रणेचे चार भाग असतात. पहिला, दार-खिडकीवरचे आणि खोलीतले सेन्सर. दुसरा, त्यांचे संकेत गोळा करणारा हब किंवा कंट्रोल पॅनेल. तिसरा, भोंगा. चौथा, घराबाहेरच्या माणसाला खबर देणारा मार्ग, म्हणजे इंटरनेट किंवा सिमकार्ड. कॅमेरा हा यातला जोडभाग आहे. तो असला तर चांगलेच, पण त्याच्याशिवायही यंत्रणा पूर्ण असू शकते. याउलट नुसता कॅमेरा म्हणजे यंत्रणा नव्हे.

‘बिनतारी’ या एका शब्दाखालीही बरेच प्रकार येतात. स्वस्त सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. झी-वेव्हसारख्या यंत्रणा भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात, त्यासाठी घरमालकाला परवाना लागत नाही. झिग्बी आणि बहुतेक वाय-फाय कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. लहरींची वारंवारता जितकी कमी, तितक्या त्या भिंतीतून सहज पार होतात. त्यामुळे जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात मागच्या पडवीतला वाय-फाय कॅमेरा सतत ‘ऑफलाइन’ दिसतो, तर त्याच पडवीच्या दारावरचा कमी वारंवारतेचा छोटा सेन्सर व्यवस्थित चालतो. यात दोष कोणत्या एका कंपनीचा नसतो. घर न पाहता वस्तू निवडली, हा दोष असतो.

सेन्सरला चोर कळतो कसा?

दारावरचा सेन्सर अगदी साधा असतो. चौकटीवर एक डबी आणि दाराच्या फळीवर एक चुंबक. डबीत काचेच्या नळीत दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळ असेल तर त्या एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात. ‘रीड स्विच’ नावाची ही युक्ती १९३६ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मली आणि आजही तिच्याइतका स्वस्त आणि भरवशाचा पर्याय क्वचितच सापडतो. बटणाएवढ्या बॅटरीवर असा सेन्सर वर्ष-दोन वर्षे सहज चालतो.

खोलीतली हालचाल टिपणारा सेन्सर ‘पीआयआर’ म्हणून ओळखला जातो. तो स्वतः काही सोडत नाही. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक हलताना टिपतो. इथेच महाराष्ट्राचा उन्हाळा आडवा येतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बंद खोलीच्या भिंती माणसाच्या त्वचेइतक्याच तापतात, तेव्हा हा फरक पुसट होतो आणि सेन्सर मंदावतो. नेमक्या याच सुट्टीच्या दिवसांत घरे कुलूपबंद असतात. दुसऱ्या टोकाला, लेन्सवरून धावलेली पाल, डबीत शिरलेल्या मुंग्या किंवा पंख्याच्या वाऱ्याने हलणारा उन्हातला पडदा यांमुळे तो विनाकारण बोंब ठोकतो. म्हणून केवळ पीआयआरवर विसंबणे चूक. दारावरच्या चुंबकाची आणि त्याची जोडी हवी. पहिला कुलूप तुटताच सांगतो, दुसरा खिडकीचे गज कापून आत आलेल्याची खबर देतो.

कॅमेरा आणि अलार्म यांत फरक काय?

कॅमेरा साक्षीदार आहे, अलार्म राखणदार आहे. साक्षीदाराचा उपयोग घटना घडून गेल्यावर होतो. राखणदाराचे काम ती घडता घडता मोडण्याचे असते. घरफोडी करणाऱ्याला दोन गोष्टी नको असतात : वेळ लागणे आणि आवाज होणे. मजबूत दार वेळ लावते, भोंगा आवाज करतो. कॅमेरा यांपैकी काहीच करत नाही. रुमाल बांधून आलेल्याला तो ओळखूही शकत नाही.

कॅमेऱ्याच्या साठवणुकीचे गणितही कोणी समजावून सांगत नाही. साधारण स्पष्ट चित्र देणारा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने चित्रीकरण साठवत असेल, तर तासाला ०.९ जीबी आणि दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते. ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांत भरते आणि जुने चित्रीकरण पुसून त्यावर नवे लिहिले जाते. दहा दिवसांच्या सहलीच्या दुसऱ्या रात्री चोरी झाली, तर परत येईपर्यंत कार्डात फक्त रिकाम्या खोलीचे चित्र उरते. हालचाल झाली तरच चित्रीकरण करण्याची सोय सुरू ठेवली तर जागा वाचते. पण मग सारा भरवसा पुन्हा सेन्सरवर येतो. शेतातल्या सिमकार्डवाल्या सौर कॅमेऱ्याचेही तेच. रोज दीड-दोन जीबी डेटाच्या पॅकवर तो दिवसभर थेट पाहायला घेतला, तर संध्याकाळपर्यंत डेटा संपतो आणि रात्री मोटर चोरीला जाते तेव्हा कॅमेरा मुका असतो.

भोंगा वाजला, पण धावून कोण येणार?

सगळ्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे. घरगुती कॅमेरा-सुरक्षेचा उगम शोधायला गेले तरी हाच प्रश्न भेटतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिका होत्या. त्यांच्या आणि पती आल्बर्ट यांच्या कामाच्या वेळा वेगळ्या. अनेकदा त्या घरी एकट्या असत, आणि त्या वस्तीत बोलावल्यावर पोलीस लवकर येत नसत. १९६६ मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला. ते डिसेंबर १९६९ मध्ये मिळाले. दारातल्या छिद्रांपुढे सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत बिनतारी पद्धतीने दिसणारे चित्र, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, दुरून दार उघडण्याचे बटण आणि मदत मागण्याचे दुसरे बटण, एवढे सगळे त्यात होते. आजच्या व्हिडीओ डोअरबेलची ही पणजीच म्हणायची. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, त्यांच्या कल्पनेत चित्रासोबत मदतीचे बटणही होते. आजच्या स्वस्त कॅमेऱ्यात चित्र राहिले आणि मदत गळाली.

मदतीची साखळी उभारलेल्या देशांनाही वेगळी अडचण आली. अमेरिकेतील ‘सेंटर फॉर प्रॉब्लेम-ओरिएंटेड पोलिसिंग’च्या मार्गदर्शिकेनुसार तिथे पोलिसांकडे येणाऱ्या घरफोडीच्या अलार्मपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे असतात. ‘लांडगा आला रे’ची गोष्टच ती. अखेर सॉल्ट लेक सिटीसारख्या शहराने २००० च्या अखेरीस नियम केला की, कोणीतरी प्रत्यक्ष खात्री केल्याशिवाय पोलीस अलार्मवर धावणार नाहीत. म्हणजे यंत्र कितीही हुशार असले, तरी मध्ये एक माणूस लागतोच.

आपल्याकडे तो माणूस कोण, हे यंत्रणा घेताना ठरवलेच जात नाही. घरमालक बंगळूरुमध्ये किंवा दुबईत, रात्री अडीच वाजता फोनवर सूचना येते, फोन सायलेंटवर असतो. सकाळी सूचना दिसते. किंवा सूचना वेळेवर दिसते, पण शेजारच्या काकांचा नंबरच फोनमध्ये नसतो. यंत्रणेचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे तीन माणसांची यादी : एक शेजारी, एक वॉचमन किंवा गावातला नातेवाईक, आणि स्थानिक पोलीस ठाण्याचा नंबर. दुसऱ्या शहरातून ११२ लावल्यावर आधी घर कुठे आहे हे समजावून सांगण्यात वेळ जातो, म्हणून ठाण्याचा थेट नंबर जवळ हवा. सणासुदीला गावी जाताना कळवून जा, असे आवाहन पोलीस करतात. ते पाळणाऱ्यांची संख्या कॅमेरे घेणाऱ्यांइतकी असती, तर बरेच काही वाचले असते.

वीज आणि इंटरनेट गेले तर?

‘बिनतारी’ म्हणजे विजेविना, असा अनेकांचा समज असतो. सेन्सर बॅटरीवर चालतात हे खरे. पण राउटर, फायबरचा डबा आणि बहुतेक वाय-फाय कॅमेरे भिंतीतल्या विजेवरच चालतात. वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की ॲप आंधळे. वादळात कोकणात आणि भारनियमनात ग्रामीण भागात तासन्‌तास वीज नसते. चोरटा बाहेरच्या मीटरपेटीतला स्विचही खाली पाडू शकतो. महागडी यंत्रणा मग एका खटक्यात गप्प होते.

यावरचे उपाय फार खर्चाचे नाहीत. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि हब त्याच्या लाइनवर घ्यावेत. अनेक घरांत पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर असतात, राउटर मात्र नसतो. हबला स्वतःची बॅटरी आणि सिमकार्ड असेल तर इंटरनेट गेल्यावरही फोन किंवा एसएमएस येतो. मात्र त्या सिमचे रिचार्ज संपले आहे हे चोरीनंतर कळू नये. आणि काहीही झाले तरी भोंगा इंटरनेटवर अवलंबून नसावा. दार उघडले की तो जागच्या जागी वाजलाच पाहिजे.

बिनतारी संकेत चोराला अडवता येतो का?

येतो, आणि दोन प्रकारे. पहिला प्रकार म्हणजे त्याच पट्ट्यात गोंगाट करून संकेत दाबून टाकणे. वाय-फाय कॅमेऱ्यांबाबत हा धोका आता पुस्तकी राहिलेला नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील काही घरफोड्यांत चोरट्यांनी वाय-फाय जॅमर वापरल्याचा संशय तिथल्या पोलिसांनी व्यक्त केला होता. भारतात खासगी व्यक्तीने जॅमर बाळगणे आणि वापरणे बेकायदा आहे; पण घरफोडी करणाऱ्याला कायद्याची भीती असती तर तो आलाच नसता.

दुसरा प्रकार अधिक सफाईचा : संकेत चोरून ऐकायचा आणि पुन्हा वाजवायचा. स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये ‘अलार्म बंद’ हा संकेत दर वेळी एकच असतो. एकदा तो ध्वनिमुद्रणासारखा टिपला की हवा तेव्हा पुन्हा सोडता येतो. २०१६ मध्ये ‘आयओॲक्टिव्ह’ या सुरक्षा संस्थेच्या संशोधकाने ‘सिम्प्लिसेफ’ या अमेरिकी यंत्रणेत नेमकी ही त्रुटी दाखवून दिली. तेव्हा ती तीन लाखांहून अधिक घरांत होती आणि त्या उपकरणांतली चिप एकदाच लिहिता येणारी असल्याने दुरुस्तीचे सॉफ्टवेअर पाठवण्याचीही सोय नव्हती. यावरचा उपाय जुनाच आहे : दर वेळी बदलणारा संकेत, म्हणजे ‘रोलिंग कोड’, आणि हब व सेन्सर यांच्यातला दुतर्फा, कूटबद्ध संवाद. दुतर्फा संवाद असलेला हब ठरावीक वेळाने प्रत्येक सेन्सरची हजेरी घेतो. उत्तर आले नाही तर तेवढ्यावरच तो इशारा देतो.

साध्या घरफोडीत असले प्रकार क्वचितच होतात, हेही सांगायला हवे. कटावणीने काम होत असेल तर जॅमरची गरज कोणाला? त्यामुळे या धोक्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दुकानदाराला ‘रोलिंग कोड आहे का’ एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

राखणदारच फितूर झाला तर?

घरफोडीपेक्षा मोठा धोका इथे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधील राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांच्या तपासणीची सीसीटीव्ही दृश्ये इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले. काही आरोपींना महाराष्ट्रातून अटक झाली. कॅमेऱ्यांना सोपे, अंदाजाने ओळखता येणारे पासवर्ड असणे हे अशा शिरकावाचे नेहमीचे दार. हे प्रकरण रुग्णालयाचे असले, तरी तिथे लावतात तसलेच कॅमेरे घरांतही असतात, आणि ते बसवणारा माणूस बहुतेक वेळा पासवर्ड स्वतःच ठरवून, तोच सगळीकडे ठेवून जातो.

या दुर्लक्षाची किंमत एका घरापुरती राहत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर जगभरातून गोळा केले आणि २१ ऑक्टोबरला ‘डिन’ या कंपनीवर हल्ला चढवला. त्या दिवशी ट्विटर आणि नेटफ्लिक्ससह अनेक संकेतस्थळे तासन्‌तास अडखळली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपल्या भिंतीवरचे यंत्र कोणाची चाकरी करते आहे, याचा पत्ताही नव्हता.

नामांकित कंपन्यांचे तरी काय? ॲमेझॉनच्या मालकीच्या ‘रिंग’ या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये ठपका ठेवला. एका कर्मचाऱ्याने महिला ग्राहकांच्या हजारो चित्रफिती पाहिल्याचे आयोगाने म्हटले; ५८ लाख डॉलर भरण्यावर प्रकरण मिटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘वाइझ’ या कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना ॲपमध्ये दुसऱ्याच्याच घरातली चित्रे दिसली. धडा एवढाच की, चित्र घराबाहेरच्या सर्व्हरवर गेले की ते पाहू शकणाऱ्यांची यादी घरमालकाच्या हातात राहत नाही. म्हणून कॅमेरा दाराबाहेर, अंगणात, जिन्यात ठीक. शयनगृहात आणि मुलांच्या खोलीत त्याचे काही काम नाही.

सरकारी नियमांनी काय साधले?

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेद्वारे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या किमान अटी ठरवल्या. मुदतवाढीनंतर त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी झाल्याशिवाय नवा कॅमेरा बाजारात आणता येत नाही; त्यात प्रवेशाचे नियंत्रण, माहितीचे कूटबद्धीकरण आणि घुसखोरीच्या चाचण्या यांचा समावेश आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे आणि उशिराच पडले.

पण त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत. या अटींचा विषय कॅमेरे एवढाच आहे. अलार्मचे पॅनेल, दाराचे सेन्सर, रिमोट यांना त्या लागू नाहीत. आधीच भिंतीवर असलेल्या कॅमेऱ्यांचे काय, याचे उत्तर त्यांत नाही. आणि ग्राहकाला सर्वांत उपयोगी पडेल ती माहिती, म्हणजे या वस्तूला किती वर्षे सुरक्षेचे अपडेट मिळणार, ही खोक्यावर शोधून सापडत नाही. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या कायद्यात सर्व वस्तूंना एकच पासवर्ड देण्यास बंदी घातली आणि अपडेट किमान किती काळ मिळतील हे सांगणे उत्पादकांवर बंधनकारक केले. औषधाच्या पाकिटावर मुदतीची तारीख लागते, तशी इथेही लागली पाहिजे. चार वर्षांनी अपडेट बंद होणारा कॅमेरा दहा वर्षे भिंतीवर राहतो, हे सरकारने गृहीत धरूनच नियम करायला हवा.

शेजाऱ्याच्या दाराचे आणि घरातल्यांच्या खासगीपणाचे काय?

चाळीत आणि फ्लॅटमध्ये दारे समोरासमोर असतात. एकाच्या डोअरबेलमध्ये दुसऱ्याचे येणे-जाणे, पाहुणे, बोलणे सगळे टिपले जाते. ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टाने २०२१ मध्ये अशाच एका वादात निकाल देताना, शेजाऱ्याचे संभाषण दूरवरून टिपणारे ध्वनिमुद्रण अवाजवी ठरवले. भारतात २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. पण २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. त्यामुळे समोरच्या दारावरच्या कॅमेऱ्याचा वाद या कायद्याने सुटेल, अशी आशा करण्यात अर्थ नाही. तो सोसायटीच्या सभेतच सुटायला हवा : कॅमेऱ्याचा रोख फक्त स्वतःच्या उंबऱ्यावर, ध्वनिमुद्रण बंद आणि चित्रीकरण किती दिवस ठेवणार हे ठरलेले.

घरातल्या घरातही हाच प्रश्न आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये भावाभावांच्या वादात स्पष्ट केले की, सामायिक घराच्या निवासी भागात सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय कॅमेरे लावणे हा खासगीपणाचा भंग आहे. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. सांगली-कोल्हापुरात एकटे राहणारे आईवडील आणि पुण्यात किंवा परदेशात असलेली मुले, हे आता घरोघरीचे चित्र आहे. मुलांची काळजी खरी असते. पण ‘आई, दुपारी इतका वेळ का झोपलीस’ असे फोनवर विचारले जाऊ लागले की आधाराची जागा पहारा घेतो. पडल्यावर दाबायचे मदतीचे बटण हे त्या घरात कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी आणि जास्त आदराचे. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही कॅमेरा कुठे आहे हे सांगितले गेले पाहिजे. लपवलेला कॅमेरा हा सुरक्षेचा नव्हे, संशयाचा पुरावा असतो.

चित्रीकरण न्यायालयात टिकते का?

टिकते, पण मोबाइलवरून व्हॉट्सॲपवर फिरलेली चित्रफीत आपोआप पुरावा ठरत नाही. या संदर्भातला महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेला. जालना विधानसभा मतदारसंघातील अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक वादात, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडीओ चित्रीकरणाचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून चोरी झाल्यावर पहिले काम म्हणजे चित्रीकरण पुसले जाण्याआधी यंत्राचे लेखन थांबवणे आणि कार्ड किंवा डीव्हीआर पंचनाम्यात पोलिसांच्या ताब्यात देणे. गावच्या ग्रुपवर टाकणे हे नंतरचे काम, किंबहुना नकोच. चोरट्याला सावध करण्याचा तो सोपा मार्ग आहे.

मग पैसे कुठे आणि कोणत्या क्रमाने खर्च करावेत?

पहिला खर्च दारावर. लाकडी चौकटीत दोन स्क्रूंवर लटकणारा कोयंडा तसाच ठेवून वर हजारोंचा कॅमेरा लावणे म्हणजे फुटक्या घागरीवर झाकण ठेवणे. चांगले आतले कुलूप, आडवा अडसर, सेफ्टी डोअर, मागच्या खिडकीचे गज यांनी चोराचा वेळ जातो. दुसरा खर्च दारावरच्या सेन्सरवर आणि मोठ्या आवाजाच्या भोंग्यावर. बाहेरचा भोंगा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर. तिसरा, राउटर आणि हबच्या बॅटरीवर. कॅमेरा चौथा. आणि रोख रक्कम व दागिने कपाटाऐवजी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याला तर कोणतेच यंत्र पर्याय नाही.

त्यानंतरची कामे पैशांची नाहीत, सवयीची आहेत. बसवणारा माणूस समोर असतानाच त्याचा पासवर्ड बदलून स्वतःचा लांबलचक पासवर्ड ठेवणे, ॲपला दुहेरी पडताळणी लावणे, कॅमेऱ्यांसाठी राउटरवर वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क करणे, महिन्यातून एकदा दार उघडून भोंगा वाजतो का पाहणे. सोसायट्यांनीही दरवर्षी अग्निशमनाची तपासणी करतात तशी अलार्मची चाचणी घ्यायला आणि ‘भोंगा वाजला तर कोणी काय करायचे’ हे वॉचमनला लिहून द्यायला हरकत नाही.

विक्रेते ‘जगात कुठूनही घर पाहा’ असे म्हणतात आणि ते खोटे नाही. पण कुठूनही घर पाहता येते म्हणून कुठूनही घर राखता येते, असे नाही. रात्री अडीच वाजता कोयंडा वाजला, तर दिवा लावून खिडकीतून ‘कोण आहे रे तिकडे?’ असे ओरडणारा माणूस जवळच लागतो. चांगली बिनतारी यंत्रणा त्याला वेळेत जागे करते. तिच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि ती विकत घेण्याआधी त्या माणसाशी ओळख ठेवावी.